स्वतःचा ओपन सोर्स मेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनी पुन्हापुन्हा पाठवलेले आहेत. पाठवणाऱ्यांत पतसंस्थांचे संगणक विभाग आहेत, एमआयडीसीतले छोटे कारखानदार आहेत, कॉलेजच्या लॅबचे कर्मचारी आहेत आणि ‘माणशी दरमहा मेलचं भाडं आता झेपत नाही’ म्हणणारे ट्रस्टचे सचिवही आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तिथे त्यांचीच ठेवली आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे एकात दुसरं गुंतलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘मेल सर्व्हर टाकायचा’ म्हणजे नक्की कुठलं सॉफ्टवेअर टाकायचं?

एक नाही, चार-पाच. मेल घेणं आणि पुढच्या सर्व्हरकडे पोचवणं हे एका प्रोग्रामचं काम (पोस्टफिक्स, एक्झिम). आलेली मेल पेटीत ठेवून ती फोनला आणि आउटलुकला दाखवणं दुसऱ्याचं (डव्हकॉट, सायरस). कचरा गाळणं तिसऱ्याचं (आरस्पॅमडी, स्पॅमअ‍ॅसॅसिन). ब्राउझरमध्ये मेल वाचायची तर राउंडक्यूबसारखं वेबमेल. शिवाय डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी वही), सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारं) आणि बॅकअप आहेतच.

हा सुटेपणा हीच ताकद आणि हीच डोकेदुखी. एक भाग नापसंत पडला तर तेवढाच बदलता येतो. पण मेल आली नाही की दोष कोणत्या भागात आहे, हे आपल्यालाच हुडकावं लागतं.

२. पोस्टफिक्स, एक्झिम, सेंडमेल, क्यूमेल यांतलं कुठलं?

नवीन सुरुवात असेल तर पोस्टफिक्स. विट्से व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात ते लिहिलं आणि १९९८च्या अखेरीस ते लोकांसमोर आलं. त्याची रचना छोट्या-छोट्या प्रोग्रामांची आहे. बाहेरच्या जगाशी बोलणारा वेगळा, रांग सांभाळणारा वेगळा, पेटीत टाकणारा वेगळा, आणि प्रत्येकाला गरजेपुरतेच अधिकार. एक फुटला तरी सगळं घर उघडं पडत नाही.

एक्झिम १९९५ साली केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी सुरू केलं. मेल कुठे वळवायची याचे अतिशय चमत्कारिक नियम लिहायचे असतील तर त्याच्याइतकं लवचीक दुसरं नाही. सीपॅनेल (ब्राउझरमधून होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) असलेल्या होस्टिंगवर ते आधीपासून बसवलेलं असतं, त्यामुळे अनेक जण नकळत एक्झिमच वापरत असतात. सेंडमेल हे सगळ्यांचं आजोबा. त्याची कॉन्फिग फाइल उघडली की मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखं वाटतं. आज नव्याने बसवायचं कारण नाही. क्यूमेलची मूळ आवृत्ती १९९८ नंतर पुढे सरकलीच नाही. आज जे चालतं ते पॅचांच्या (नंतर लावलेल्या दुरुस्त्यांच्या) गोधडीवर.

३. खरंच फुकट पडतं का?

लायसन्सचे पैसे शून्य, आणि पेट्या दहा असोत की हजार, तिथे फरक पडत नाही. हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजला हा फायदा मोठा आहे, आठ जणांच्या ऑफिसला जवळजवळ नाही.

खर्च माणसाचा आहे. बसवायला दोन-तीन दिवस लागतात, ते कोणीही मोजतो. नंतर दर आठवड्याला लॉग बघणं, पॅच लावणं आणि ‘अमक्याला मेल पोचली नाही’ याचा तपास हे कोणी मोजत नाही. हे काम ‘प्रिंटर बघणाऱ्या पोरावर’ टाकणार असाल तर नका करू. ते पोर हुशार असेलही. पण ते नोकरी सोडून गेलं की सर्व्हरचा पासवर्डही त्याच्याबरोबर जातो, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

४. मग नेमका फायदा काय? पैसे सोडून सांगा.

मेल गेली की नाही, याचं उत्तर आपल्याकडे असतं. टेंडरची मेल ‘मिळालीच नाही’ असं समोरचा म्हणतो, तेव्हा लॉग उघडून दाखवता येतं: सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी तुमच्या सर्व्हरने ती स्वीकारली आणि हा त्याचा पावती क्रमांक. भाड्याच्या सेवेतही असा शोध घेता येतो, पण तिथे ती कंपनी दाखवेल तेवढंच दिसतं.

दुसरा फायदा साठवणुकीचा. डव्हकॉट सहसा मेलडिर पद्धतीने मेल ठेवतं, म्हणजे एक मेल एक फाइल. साहेबांनी चुकून फोल्डर उडवलं तर बॅकअपमधून तेवढंच फोल्डर परत आणता येतं. आणि उद्या सॉफ्टवेअर बदललं तरी त्या फाइली दुसऱ्या कशानेही वाचता येतात.

मोठ्या प्रमाणावर हे जमतं का, असं विचारणाऱ्यांसाठी: जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२५ साली सरकारी कामकाजाच्या ४० हजारांहून जास्त मेलपेट्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवरून ओपन-एक्स्चेंज (सर्व्हर) आणि थंडरबर्ड (मेल वाचायचा प्रोग्राम) या ओपन सोर्स जोडीवर हलवल्या. अर्थात त्यांच्यामागे सरकारी तिजोरी आणि पगारी तज्ज्ञांचा ताफा होता.

५. सोर्स कोड उघडा असतो, म्हणजे हॅकरलाही दिसतो. मग सुरक्षित कसा?

उघडा आहे म्हणून असुरक्षित नाही. पण उघडा आहे म्हणून आपोआप सुरक्षित, हेही खोटं. राउंडक्यूबमध्ये जून २०२५ मध्ये उघड झालेलं एक गंभीर भगदाड कोडमध्ये सुमारे दहा वर्षं पडून होतं. कोड सगळ्यांना दिसत होता, बघितलं कोणी नव्हतं.

एक्झिमची गोष्ट जास्त बोलकी आहे. २०१९च्या जूनमध्ये क्वालिस कंपनीने एक भगदाड जाहीर केलं, ज्यातून परका माणूस सर्व्हरवर रूट (सर्वाधिकारी) म्हणून आज्ञा चालवू शकत होता. गंमत म्हणजे फेब्रुवारीत आलेल्या ४.९२ आवृत्तीत ती चूक आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती सुरक्षेची बाब आहे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ज्यांनी नेहमीच्या शिस्तीने अपडेट केलं ते वाचले. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा’ म्हणणारे सापडले. पुढे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मे २०२० मध्ये इशारा दिला की रशियन लष्करी हॅकर हेच भगदाड वापरत आहेत.

बंद सॉफ्टवेअर याहून बरं, असंही नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधल्या भगदाडांतून जगभरचे हजारो सर्व्हर फुटले, ते आठवा. फरक इतकाच की इथे पॅच लावायची आठवण करून द्यायला विक्रेत्याचा फोन येत नाही. सुरक्षा अपडेट आपोआप लागतील अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवा.

६. आम्ही सगळं बरोबर केलं, तरी जीमेलमध्ये मेल स्पॅमला जाते. सॉफ्टवेअर खराब आहे का?

सगळ्यांचं घोडं इथेच अडतं, म्हणून लांब उत्तर देतो. सॉफ्टवेअरचा दोष जवळजवळ कधीच नसतो. पोस्टफिक्सने मेल बिनचूक नेऊन दिलेली असते, समोरच्याने ती संशयाने घेतलेली असते. ‘सगळं बरोबर केलं’ म्हणणाऱ्यांकडे मी या क्रमाने बघतो.

आधी उलटा डीएनएस. आयपीवरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) नाव विचारलं तर तुमच्या मेल सर्व्हरचंच नाव आलं पाहिजे, आणि त्या नावावरून परत तोच आयपी. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही. आयपी ज्याचा आहे त्याच्याकडे, म्हणजे होस्टिंगवाल्याकडे किंवा लीज लाइनवाल्याकडे मागावी लागते. अर्धे लोक इथेच सापडतात.

मग आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब आयपी (जुना तो आयपीव्ही४). सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असतो, तुम्हाला त्याचा पत्ताच नसतो. पोस्टफिक्स त्यावरून जीमेलशी बोलायला जातं, त्या पत्त्याला उलटा डीएनएस नसतो आणि मेल नाकारली जाते. काही मेल जातात, काही जात नाहीत, असं विचित्र लक्षण दिसलं की आधी हेच तपासा. नीट नोंद करता येत नसेल तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

नंतर एसपीएफ (आपल्या डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरांवरून येईल त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्या नापास झाल्या तर काय करायचं ते सांगणारी नोंद). तिन्ही हवेत. एसपीएफमध्ये डीएनएसच्या दहाच चौकश्यांना परवानगी असते. चार सेवांच्या नोंदी एकात एक कोंबल्या की ही मर्यादा ओलांडते आणि अख्खी नोंद निकामी होते.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,०००पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्याला हे तिन्ही सक्तीचे आहेत, प्रचाराच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढायची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमसाठी असेच नियम आणले. तुम्ही दिवसाला ५० मेल पाठवत असाल तरी उलटा डीएनएस आणि एसपीएफ-डीकेआयएमपैकी किमान एक हवंच.

हे सगळं होऊनही मेल स्पॅममध्ये जात असेल तर उरते ती आयपीची पत. स्वस्त व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) तुमच्या शेजारच्या आयपीवरून कोणी लॉटरीच्या मेल सोडत असेल तर तुम्हीही त्याच गल्लीतले. नवा आयपी म्हणजे गावात आलेला अनोळखी माणूस, पहिले काही आठवडे कोणी दारात उभं करत नाही. यावर कॉन्फिगमध्ये इलाज नाही. माझा इलाज प्रश्न ८ मध्ये आहे.

७. ऑफिसच्या ब्रॉडबँडवर जुन्या डेस्कटॉपवर चालवलं तर?

शिकायला उत्तम, धंद्याला नाही. बहुतेक ब्रॉडबँडवर आयपी बदलता असतो किंवा अनेकांत मिळून एक असतो. पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा) बऱ्याचदा बंद असतं. शिवाय अशा ग्राहक-जोडण्यांचे आयपी स्पॅमहाउसच्या (स्पॅमरांच्या काळ्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या) यादीत ‘इथून थेट मेल येऊ नये’ या गटात आधीच टाकलेले असतात. क्लाउडवरही सगळीकडे मोकळीक नाही. गुगल क्लाउड बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतं, ॲमेझॉनकडे अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. मशीन विकत घेण्याआधी हा प्रश्न विचारा.

८. पाठवायचं काम दुसऱ्याकडे देऊन बाकी सगळं आपल्याकडे ठेवता येतं का?

येतं, आणि पन्नास-शंभर पेट्यांच्या संस्थेला मी हेच सुचवतो. येणारी मेल, पेट्या, बॅकअप, लॉग हे सगळं आपल्या सर्व्हरवर. बाहेर जाणारी मेल मात्र एखाद्या रिले सेवेमार्फत, म्हणजे आपली मेल घेऊन पुढे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. पोस्टफिक्समध्ये यासाठी रिलेचं नाव आणि त्याचा पासवर्ड एवढंच द्यावं लागतं. आयपीची पत सांभाळायचं काम ज्याच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत, त्याच्या गळ्यात पडतं.

काही जण नाक मुरडतात: मग स्वतःचा सर्व्हर कसला? त्यात तथ्य आहे. बाहेर जाणारी प्रत्येक मेल रिलेवाल्याच्या हातून जाते. वकिलाच्या ऑफिसला किंवा दवाखान्याला हे चालणार नाही, त्यांनी प्रश्न ६ मधली मेहनत घ्यावी. बाकीच्यांची निम्मी मेल तशीही जीमेलच्या पेटीतच उतरणार असते.

रिले लावल्यावर एसपीएफमध्ये त्याची नोंद टाकायला विसरू नका.

९. एकेक सॉफ्टवेअर जोडत बसण्यापेक्षा तयार गठ्ठा घेतला तर?

घ्या, लाज वाटून घेऊ नका. मेल-इन-अ-बॉक्स हे एका छोट्या मशीनवर बसतं आणि तुमच्याकडून फारसे निर्णय मागत नाही. बदल करायला गेलात तर मात्र ते हात झटकतं. मेलकाऊ डॉकरवर (प्रोग्राम सुट्या बंद डब्यांत चालवणारी सोय) चालतं, पॅनेल सुरेख आहे, पण किमान ६ जीबी रॅम मागतं. आयरेडमेल नेहमीच्या लिनक्सवर सगळे भाग बसवून देतं. स्टालवर्ट हे नवं, रस्ट भाषेत लिहिलेलं, सगळं एकाच प्रोग्राममध्ये.

एक अट: गठ्ठा घेतला तरी आत पोस्टफिक्स आणि डव्हकॉट काय करतात ते शिका (स्टालवर्टमध्ये दोन्ही नाहीत, तिथे त्याचा स्वतःचा लॉग वाचायला शिका). पॅनेल हिरवं दाखवत असताना मेल अडकते, तेव्हा लॉगच वाचावा लागतो.

१०. एक्स्चेंजसारखं कॅलेंडर, मीटिंगचं आमंत्रण, शेअर केलेले संपर्क मिळतात का?

मिळतात, पण तितके सफाईने नाही. सोगो किंवा नेक्स्टक्लाउड (कॅलेंडर आणि संपर्क सांभाळणारी ओपन सोर्स सॉफ्टवेअर) जोडून काम भागतं. साहेबांच्या आउटलुकमध्ये मीटिंगची खोली एका टिचकीत राखून ठेवायची सवय असेल तर तक्रार येणारच. या बाबतीत ओपन सोर्स मागे आहे, हे मान्य करून टाकलेलं बरं.

११. आम्ही लिनक्स अपग्रेड केलं आणि डव्हकॉट सुरूच होईना. का?

बहुधा डेबियन (लिनक्सचं एक वितरण) १२ वरून १३ वर आलात. त्यात डव्हकॉट २.३ जाऊन २.४ येतं, आणि २.४ची कॉन्फिग जुन्या कॉन्फिगशी जुळत नाही. फाइलच्या सुरुवातीला कॉन्फिगची आवृत्ती लिहावी लागते आणि बऱ्याच सेटिंगांची नावं बदलली आहेत. फाइल नव्याने लिहा, जुनी ठिगळं लावून सरळ करायच्या नादात रात्र जाते.

दोन सर्व्हरांवर पेट्या एकमेकांशी जुळत्या ठेवायची अंगभूत सोय २.४ मध्ये काढून टाकली आहे. तिच्यावर विसंबून असाल तर अपग्रेडच्या आधी पर्याय शोधा. याउलट पोस्टफिक्स जुन्या कॉन्फिगची फार काळजी घेतं. एकाच सर्व्हरवरचे दोन शेजारी, पण स्वभाव वेगळे.

१२. कंपनीने उद्या फुकट आवृत्ती बंद केली तर?

घडलं आहे. झिम्ब्रा या तयार मेल-गठ्ठ्याच्या कंपनीने २०२०च्या ९व्या आवृत्तीपासून ओपन सोर्स आवृत्तीची तयार फाइल देणं थांबवलं. सोर्स उपलब्ध राहिला, पण तो स्वतः बांधून घ्यायचा. ज्यांच्या संस्था त्यावर उभ्या होत्या ते अडचणीत आले. म्हणून निवडताना लायसन्सबरोबर हेही बघा: तयार पॅकेज कोण देतं, एकच कंपनी की डेबियनसारखं वितरणही? पेट्या साध्या मेलडिरमध्ये असतील (प्रश्न ४) तर घर बदलणं सोपं जातं.

१३. ग्राहकाच्या ओटीपीच्या मेल दहा-पंधरा मिनिटं उशिरा येतात. नेट स्लो आहे का?

नाही, ग्रेलिस्टिंग चालू आहे. अनोळखी सर्व्हरला ‘नंतर या’ म्हणून परत पाठवायचं, खरा असेल तर तो पुन्हा येईल, असा तो डाव. स्पॅम बराच गळतो, पण ओटीपीची मुदत तेवढ्यात संपते. मोठ्या सेवा दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात, मग आणखी उशीर. बंद करा किंवा फक्त संशयास्पद मेलपुरतं ठेवा.

१४. काल रात्रीपासून येणारी प्रत्येक मेल ‘स्पॅमहाउसच्या यादीत आहे’ म्हणून परत जाते. सगळं जग स्पॅमर झालं का?

सर्व्हरचा डीएनएस ८.८.८.८ वर आहे का बघा. गुगलसारख्या सार्वजनिक डीएनएसवरून आलेल्या चौकश्यांना स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, एक खास त्रुटी-क्रमांक देतं. नियम ढोबळ लिहिला असेल तर ‘काहीतरी उत्तर आलं म्हणजे यादीत आहे’ असं समजून सर्व्हर सगळ्यांनाच हाकलतो. सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम बसवा, म्हणजे तो स्वतः चौकशी करेल. दहा मिनिटांचं काम आहे, पण कारण ठाऊक नसेल तर दिवस खातं.

१५. ऑफिसच्या पत्त्यावरची मेल साहेबांच्या जीमेलवर फॉरवर्ड केली आहे. काही मेल पोचतच नाहीत.

फॉरवर्ड करताना मेल तुमच्या आयपीवरून जाते, पण पाठवणाऱ्याच्या जागी मूळ पाठवणाऱ्याचं, समजा बँकेचं, नाव असतं. त्यामुळे बँकेचं एसपीएफ मोडतं. डीकेआयएमची सही शाबूत असेल तर मेल तरते, विषयात ‘बाहेरून आलेली’ असं काही चिकटवलंत तर तीही मोडते. एसआरएस नावाची सोय पाकिटावरचा पत्ता बदलून एसपीएफ वाचवते. मात्र फॉरवर्ड झालेल्या स्पॅमचा डाग तुमच्याच आयपीला लागतो. मी फॉरवर्ड काढून फोनवर आयमॅपने (सर्व्हरवरची पेटी थेट दाखवणाऱ्या पद्धतीने) खातं जोडून देतो. साहेब चार दिवस कुरकुरतात, मग विसरतात.

१६. सर्टिफिकेट आपोआप बदलतं, तरी दोन-तीन महिन्यांनी सगळ्यांचे फोन रुसतात.

लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नवीन फाइल डिस्कवर येते, पण डव्हकॉट स्मरणातली जुनीच वापरत राहतं. नूतनीकरणानंतर त्याला रीलोड करायची आज्ञा जोडून द्या. पोस्टफिक्सचे छोटे प्रोग्राम सतत नव्याने सुरू होतात, म्हणून ते बहुधा स्वतःच नवी फाइल उचलतं. त्यामुळे बाहेरून मेल येत राहते आणि सगळे जण उगाच फोनवाल्याला दोष देतात.

१७. ८ एमबीची फाइल जात नाही, मर्यादा तर १० आहे.

मेलमधून जाताना फाइल अक्षरांत बदलली जाते आणि सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपास. मर्यादा वाढवा, पण समोरच्याचीही मर्यादा असते.

१८. एका क्लार्कचा पासवर्ड चोरीला गेला आणि रात्रीत आमच्या सर्व्हरवरून हजारो मेल गेल्या. सॉफ्टवेअरने थांबवलं का नाही?

कारण तुम्ही सांगितलं नव्हतं. भाड्याच्या सेवेत असा वेग दिसताच खातं गोठवलं जातं. इथे मुळात तशी लगाम नसते. आरस्पॅमडीमध्ये एका खात्यावरून तासाला किती मेल जाव्यात याची मर्यादा घाला. शाखेतल्या माणसाला तासाला शंभर पुरतात. वेबमेलला दोन टप्प्यांचं लॉगिन लावून निश्चिंत होऊ नका. आयमॅप आणि एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) अजून नुसत्या पासवर्डवरच उघडतात, चोर तिथूनच येतो.

रांग आधी थांबवा, मग पासवर्ड बदला, मग रांगेतला कचरा काढा. उलट क्रमाने केलंत तर पासवर्ड बदलेपर्यंत आणखी काही शे मेल निघून जातात. आयपी काळ्या यादीत गेला असेलच. त्यातून बाहेर यायला लागणारा काळ प्रश्न ६ च्या शेवटासारखाच.

१९. सर्व्हर दोन दिवस बंद पडला तर मेल कायमची गेली का?

नाही. समोरचे सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस धरून ठेवतं. ‘राखीव’ दुसरा सर्व्हर हवाच, असा आग्रह मी धरत नाही. त्यावरची गाळणी ढिली राहते आणि स्पॅमर मुद्दाम मागच्या दाराने येतात. पण पाच दिवस म्हणजे पाचच, आणि ओटीपी तर पाच मिनिटंही थांबत नाही.

२०. लॉग किती दिवस ठेवायचे?

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार १८० दिवस, आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची. डेबियन आणि उबुंटूवर मेलचा लॉग मुळात चारेक आठवड्यांतच पुसला जातो. ही एक सेटिंग बहुतेक ठिकाणी तशीच राहिलेली दिसते. कंपनी किंवा संस्था म्हणून सर्व्हर चालवत असाल तर आजच बदला.

२१. ‘कार्यालय@आमचंनाव.भारत’ असा देवनागरी पत्ता चालेल का?

पोस्टफिक्सला २०१५च्या ३.० आवृत्तीपासून असे पत्ते कळतात आणि जीमेल २०१४ पासून अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करतं. अडचण मधल्या आणि शेवटच्या कड्यांची आहे. पेटीचं सॉफ्टवेअर, वेबमेल, गाळणी, रिले आणि समोरच्याचा सर्व्हर या सगळ्यांना ते कळलं पाहिजे. एक जरी अडला तरी मेल परत येते. वेबसाइटचे फॉर्म तर असा पत्ता ‘चुकीचा’ म्हणून सरळ नाकारतात. हौस असेल तर देवनागरी पत्ता जरूर घ्या, त्याला रोमन जुळा पत्ता द्या, आणि दोन्ही एकाच पेटीत सोडा. व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही छापा.